मंडळीच्या जुन्या वह्या : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

एकोणिसाव्या शतकातील काँग्रिगेशनल या ख्रिस्ती पंथाच्या मंडळ्यांच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, नोंदवह्यांविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांतील प्रश्न थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे येथे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आमचे मूळ घराणे नेवासे तालुक्यातले. पणजोबांच्या पेटीत १८६८ सालचा एक कागद सापडला. त्यात, त्यांना नगरच्या मंडळीतून ‘पत्र देऊन’ वडाळ्याकडील मंडळीस ‘स्वाधीन केले’ असे लिहिले आहे. ही नोकरीतील बदली होती का? या कागदाची मूळ नोंद कोठे मिळेल? एका मोठ्या कार्यालयात चौकशी केली, तेव्हा इतके जुने काही आमच्याकडे नाही, एवढेच उत्तर मिळाले. (एक वाचक, पुणे)

उत्तर : ही नोकरीतील बदली नव्हे. आपल्या हाती असलेला कागद हे एका मंडळीने दुसऱ्या मंडळीला दिलेले शिफारसपत्र आहे. त्याचे मोल कळण्यासाठी काँग्रिगेशनल पंथाची घडण समजून घ्यावी लागते. या पंथात बिशप नसतो आणि वरून आज्ञा देणारे कार्यालयही नसते. एका ठिकाणचे विश्वासणारे एकत्र येऊन देवाशी आणि एकमेकांशी करार करतात, आणि त्या करारानेच ते पूर्ण मंडळी होतात. न्यू इंग्लंड या अमेरिकेच्या ईशान्य भागातील मंडळ्यांनी १६४८ साली केंब्रिज येथे आपली जी व्यवस्था लिहून काढली, तिचा पाया हाच होता. पाळक (धर्मगुरू) कोणाला नेमायचे, कोणाला सभासद करून घ्यायचे आणि कोणाला दूर करायचे, हे ती मंडळी स्वतःच्या सभेत मत घेऊन ठरवते. त्यामुळे एका मंडळीचा सभासद गाव बदलल्याने दुसऱ्या मंडळीचा सभासद होत नाही. पहिल्या मंडळीने त्याच्या चालचलणुकीची ग्वाही देऊन त्याला मोकळे करावे आणि दुसरीने सभेत ठराव करून त्याला स्वीकारावे, अशी दुहेरी क्रिया असते. म्हणजे आपल्या कागदामागे दोन वह्यांतल्या दोन नोंदी असायला हव्यात. एक नगरच्या वहीत, ‘पत्र दिले’ अशी, आणि दुसरी पलीकडच्या वहीत, ‘पत्रावरून घेतले’ अशी. दोन्ही तारखांत काही महिन्यांचे अंतर दिसले, तर ती चूक समजू नये. पत्र मिळाल्यानंतर पुढच्या प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, वेळेपर्यंत थांबण्याची रीत होती.

अशा वहीत नाव येण्याच्या वाटा थोड्याच असतात. विश्वासाचा जाहीर अंगीकार करून आलेला, दुसऱ्या मंडळीच्या पत्रावरून आलेला, आणि पूर्वी दूर केला गेल्यावर पश्चात्ताप करून परत घेतलेला, अशा तीन प्रकारच्या सभासदांच्या नोंदी आपल्याला दिसतील. लहानपणी बाप्तिस्मा झालेल्या मुलांची यादी बहुधा निराळी असते, कारण बाप्तिस्मा झाला तरी मोठेपणी स्वतः अंगीकार केल्याशिवाय पूर्ण सभासदत्व मिळत नसे. वंशावळ शोधणारे पुष्कळ लोक येथेच फसतात. अंगीकाराची तारीख ते जन्माच्या जवळची समजतात आणि माणूस वीस वर्षांनी लहान ठरवतात. पणजोबांची नोंद शोधताना या दोन याद्या वेगळ्या ठेवाव्यात.

आता वही कोठे असेल, हा प्रश्न. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे अमेरिकन बोर्ड या परदेशी मिशनऱ्या पाठवणाऱ्या संस्थेच्या मिशनऱ्यांनी १८३१ साली ठाणे केले आणि १८३३ साली तेथे मंडळी स्थापन झाली. हे बोर्ड १८१० साली मॅसॅच्युसेट्समधील काँग्रिगेशनल मंडळ्यांच्या पुढाकाराने निघाले होते, म्हणून नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांची मूळ घडणही काँग्रिगेशनल आहे. पुढे १९२४ साली या मंडळ्या उत्तर हिंदुस्थानच्या संयुक्त मंडळीत गेल्या आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, तेव्हा त्यात सामील झाल्या. आज त्यांच्यावर बिशपांची व्यवस्था आहे, त्यामुळे जुनी वही बिशपांच्या कार्यालयात असेल असे कोणालाही वाटते. पण १८६८ साली वर कार्यालयच नव्हते. वही मंडळीची होती, मंडळीच्या चिटणिसाने किंवा पाळकाने ती लिहिली, आणि ती मंडळीच्याच कपाटात राहिली. म्हणून आपल्याला मिळालेला नकार खरा असला, तरी तो शोधाचा शेवट नाही. प्रथम त्या त्या मंडळीच्या पाळकांना आणि पंचमंडळाला विनंतीपत्र लिहावे. पूर्वीच्या पाळकांच्या व चिटणिसांच्या घरीही सौजन्याने विचारावे, कारण अशा वह्या घरच्या ट्रंकेत राहून गेल्याचे पुष्कळदा आढळते.

नाव शोधताना आडनावावर विसंबू नका. त्या काळी व्यक्तीचे नाव, बापाचे नाव आणि गाव एवढीच नोंद पुरेशी मानली जाई, आणि आज आपण लावता ते आडनाव कदाचित पुढच्या पिढीने शाळेत घातले असेल. हस्तलेखन मोडीत असेल, तर घाईने अंदाज न बांधता मोडी जाणणाऱ्याची मदत घ्यावी. वही नाहीच मिळाली, तर दोन पर्यायी वाटा आहेत. पहिली ‘ज्ञानोदय’ची. हे पत्र १८४२ साली नगरलाच निघाले आणि मिशनच्या मंडळ्यांच्या बातम्या त्यात येत असत. दुसरी वाट विवाहाच्या नोंदींची आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याने विवाहाची नोंदवही ठेवणे आणि तिच्या प्रती सरकारी निबंधकाकडे पाठवणे बंधनकारक झाले, म्हणून त्या सालानंतरच्या विवाहाचा माग सरकारी कागदांतही लागू शकतो. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदींचा मोठा संग्रह आहे, परंतु तो मुख्यतः युरोपीय आणि युरेशियन लोकांचा आहे. नेवाशाच्या पणजोबांसाठी त्यात वेळ घालवण्याचा सल्ला मी देणार नाही.

प्रश्न : मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते. आमच्या गावातील जुन्या काँग्रिगेशनल चर्चच्या १८१० ते १८६० या काळातील वह्यांचे सुवाच्य लेखन करण्याच्या कामात मी स्वयंसेविका म्हणून मदत करते. एकाच चर्चच्या दोन वेगवेगळ्या वह्या का आहेत, हे मला कळत नाही. एकीत सभासद आणि बाप्तिस्मे आहेत, तर दुसरीत छपराची दुरुस्ती, पाळकाचा पगार आणि बाकांची विक्री. शिवाय पहिल्या वहीत काही सभासदांवर आरोप ठेवून चौकशी केल्याचे वृत्त आहे. ते वाचताना अवघडल्यासारखे होते. असे मजकूर उघड करावेत का? (एक वाचिका)

उत्तर : दोन वह्या आहेत कारण संस्थाच दोन होत्या, आणि हे ज्याने ओळखले त्याला न्यू इंग्लंडचे निम्मे कागद आपोआप उलगडतात. पहिली संस्था म्हणजे मंडळी, करार करून प्रभुभोजनात सहभागी होणाऱ्यांची. दुसरी म्हणजे पॅरिश किंवा सोसायटी. तिच्यात गावातले करदाते येत, मग ते सभासद असोत वा नसोत. इमारत, जमीन आणि पाळकाचा पगार हे दुसऱ्या संस्थेकडे असे. मॅसॅच्युसेट्समध्ये धर्मकार्यासाठी कर घेण्याची पद्धत १८३३ साली राज्यघटनेत दुरुस्ती होईपर्यंत चालू होती. कनेक्टिकटने ती १८१८ साली आणि न्यू हॅम्पशरने १८१९ साली सोडली होती. त्यामुळे आपल्या वह्यांतही १८३३ च्या आसपास सूर बदललेला दिसेल. त्यापूर्वी कराची भाषा आहे, त्यानंतर वर्गणीची आणि बाकांच्या भाड्याची. बाकांची विक्री म्हणजे लाकूडसामानाची विक्री नव्हे. बाकावर बसण्याचा हक्क ही मालमत्ता होती. ती विकत घेता येई, वारसाहक्काने मिळे आणि तिचे खतही होई. बाकांचा नकाशा मिळाला, तर गावातली श्रीमंती कोठे बसत होती हे एका कागदावर दिसते.

या दोन संस्थांचे भांडण झाले तर वही कोणाची, हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हता. आपल्याच राज्यातील डेडहॅम गावी १८१८ साली पॅरिशने उदारमतवादी पाळक निवडला. मंडळीच्या बहुसंख्य सभासदांना तो मान्य नव्हता. ते बाहेर पडले, आणि त्यांच्या बाजूच्या डीकनने (मंडळीच्या कारभाऱ्याने) मंडळीचे निधी व कागदपत्रे आपल्या ताब्यात ठेवली. राहिलेल्यांनी दावा लावला. १८२० साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की पॅरिशपासून वेगळी झालेली मंडळी कायद्याच्या दृष्टीने ती मंडळी राहत नाही. पॅरिशसोबत थांबलेले सभासद थोडे असले, तरी मालमत्ता त्यांचीच. या निकालानंतर राज्यभर अनेक गावांत मंडळ्या फुटल्या. जुनी इमारत आणि वही युनिटेरियन, म्हणजे पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैक्य न मानणाऱ्या उदारमतवादी, पक्षाकडे राहिली आणि रस्त्याच्या पलीकडे ते मानणाऱ्या त्रैक्यवादी सभासदांनी नवे प्रार्थनामंदिर बांधून नव्या पानावर नवा करार लिहिला. म्हणून आपल्या गावातील वही १८२० किंवा १८३० च्या दशकात अचानक सुरू होत असेल, तर ‘पहिली वही हरवली’ असा शेरा घाईने मारू नये. ती शेजारच्या युनिटेरियन चर्चच्या कपाटात, किंवा त्यांनी ज्या संग्रहालयाच्या स्वाधीन केली असेल तेथे, सुखरूप असण्याचा संभव आहे. बहुसंख्य लोकांना आपल्या आजोबांचे बाप्तिस्मे लिहिलेली वही मागे सोडून यावे लागले, ही गोष्ट मला त्या निकालाच्या कायदेशीर बाजूपेक्षा जास्त जाणवते.

आता चौकशांविषयी. बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात सांगितलेली पायरी या मंडळ्या अक्षरशः पाळत. प्रथम एकांतात समज द्यायची, मग दोघातिघांना घेऊन जायचे, आणि तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगायचे. तिसऱ्या पायरीवरचेच प्रकरण वहीत येते. आरोप बहुधा दारू, उपासनेस दीर्घ काळ गैरहजेरी, शेजाऱ्याशी वैर, व्यवहारातील लबाडी किंवा विवाहापूर्वीचा संबंध असे असतात. १८३० नंतर मद्यपाननिषेधाच्या शपथा आणि गुलामगिरीविरुद्धचे ठराव दिसू लागतात. काही मंडळ्यांनी गुलाम बाळगणाऱ्यांना प्रभुभोजनात घेणार नाही, असे ठराव केले. काही मंडळ्या गप्प राहिल्या म्हणून त्यांचे सभासद चिडून बाहेर पडले, आणि त्यांच्यावर ‘गैरहजेरी’चा आरोप आला. अशा ठिकाणी आरोपाचा शब्द एक आणि कारण दुसरे असते. म्हणून एक ओळ सुटी काढून वाचू नये. आगेमागे दोन-तीन वर्षांच्या सभा वाचाव्यात.

हा मजकूर उघड करण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. तो गाळू नये. सुवाच्य प्रत करणाऱ्याने एकदा गाळायला सुरुवात केली, की पुढच्या वाचकाला त्या प्रतीवर कधीच विश्वास ठेवता येत नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची ही नोंद आहे आणि ती त्या लोकांनी उघड सभेत मत घेऊन लिहिली होती. मात्र मालकी मंडळीची आहे, म्हणून त्यांची लेखी संमती घ्यावी. बोस्टनच्या काँग्रिगेशनल लायब्ररीत, जी १८५३ साली सुरू झाली, अशा वह्यांच्या छायाप्रती करून त्या सर्वांसाठी विनामूल्य खुल्या करण्याचा ‘न्यू इंग्लंड्स हिडन हिस्टरीज’ हा उपक्रम चालतो. आपल्या मंडळीला त्यांच्याशी बोलणे करायला सुचवावे. प्रत करताना मूळ वर्णरचना आणि संक्षेप जसेच्या तसे ठेवावेत. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘एस’ हे अक्षर ‘एफ’सारखे लांब लिहिण्याची सवय काही जुन्या हातांना होती, त्यामुळे नावे चुकतात. ‘अल्टिमो’ म्हणजे गेल्या महिन्यातली तारीख आणि ‘इन्स्टंट’ म्हणजे चालू महिन्यातली, हे ध्यानात ठेवले नाही तर एकेक महिन्याचा फरक पडतो. आणखी एक उपयोगाची खूण सांगतो. मॅसॅच्युसेट्समधील गावांच्या १८५० पर्यंतच्या जन्म, विवाह आणि मृत्यूंची जी छापील पुस्तके आहेत, त्यांत एखाद्या नोंदीपुढे ‘सी. आर.’ असे असेल, तर ती नोंद चर्चच्या वहीतून घेतलेली आहे. राज्याने स्वतः सगळीकडच्या नोंदी गोळा करायला १८४१ साली सुरुवात केली. त्याआधीच्या पुष्कळ मुलांच्या जन्माचा जवळचा पुरावा म्हणजे आपण उतरवून घेत आहात ती बाप्तिस्म्याची यादीच.

आपण विचारलेले नाही, तरी एक गोष्ट लिहितो. सभासदांच्या यादीतील पुरुष आणि स्त्रिया मोजून पाहा. बहुतेक वह्यांत स्त्रिया जास्त भरतात. पण सभेच्या वृत्तात ‘बंधूंनी ठराव केला’ असेच येते, कारण शतकाच्या बऱ्याच काळापर्यंत मत देण्याचा अधिकार पुरुषांनाच होता. विवाहित स्त्री अनेक ठिकाणी केवळ पतीच्या नावाने येते. तिचे स्वतःचे नाव बाप्तिस्म्याच्या किंवा पत्रावरून आल्याच्या नोंदीत सापडते. प्रतीच्या शेवटी अशी नावे जुळवून दिलीत, तर फार मोठे काम होईल.

प्रश्न : मी इतिहासाचा विद्यार्थी आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या (अमेरिकन बोर्डाच्या मराठी मुलखातील कार्याच्या) अभ्यासासाठी अमेरिकेतील एखाद्या खेडेगावच्या चर्चच्या वहीचा काही उपयोग आहे का, की बोर्डाची कागदपत्रे पुरेशी आहेत? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : बोर्डाची कागदपत्रे हाच आपला मुख्य आधार राहील. ती हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन लायब्ररीत आहेत, आणि मिशनऱ्यांची मुंबई व नगरहून गेलेली पत्रे त्यांत आहेत. परंतु ती पत्रे वाचताना एक गोष्ट नजरेआड होते. ती पत्रे पैसे देणाऱ्यांना उद्देशून लिहिलेली आहेत. पैसे देणारे कोण होते, ते गावच्या वहीत सापडतात. ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलमच्या टॅबरनॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळाली. त्यांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईस पोहोचले. हॉल १८२६ साली त्र्यंबकच्या बाजूला पटकीने वारले आणि त्याच वर्षी मिशनने मराठी ‘नवा करार’ (बायबलचा दुसरा भाग) छापून पुरा केला. त्यांचे काम चालू ठेवणारी वर्गणी कोणत्या गावच्या स्त्रियांच्या मंडळाने किती डॉलर आणि सेंट पाठवली, हे ‘मिशनरी हेरल्ड’ या बोर्डाच्या मासिकात गावोगावच्या यादीने छापले जाई. त्या यादीतील गाव निवडावे, मग त्या गावची वही पाहावी.

सिंथिया फॅरार यांचे उदाहरण घ्या. न्यू हॅम्पशरमधील मार्लबरो या लहानशा गावची ही अविवाहित शिक्षिका १८२७ साली बोर्डाने मुंबईस पाठवली. १८३९ साली त्या नगरला गेल्या आणि १८६२ साली वारल्या तोपर्यंत मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. जोतीराव फुले यांनी त्यांच्या नगरच्या शाळा पाहिल्या होत्या, म्हणून मराठी वाचकाला हे नाव परिचित आहे. पण ज्या मंडळ्यांत त्या काळी स्त्रीला मत नव्हते, त्याच मंडळ्यांतल्या स्त्रियांनी वर्गणी जमवून दुसऱ्या स्त्रीला दहा हजार मैलांवर शिकवायला पाठवले, हा ताण बोर्डाच्या पत्रांतून पुरता कळत नाही. तो गावच्या वहीतल्या याद्या आणि ठराव शेजारी ठेवल्यावर कळतो.

दुसरा मुद्दा नगरच्या बाजूचा. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ साली हिंदुस्थानात आले. मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतःच करावा, असे त्यांचे मत होते. त्याच सुमारास हरी रामचंद्र आणि रामकृष्णपंत मोडक यांना नगरच्या मंडळ्यांचे पाळक म्हणून दीक्षा मिळाली. पुढे आसपासच्या मंडळ्यांनी मिळून ‘ऐक्य’ नावाची सभा उभी केली. मिशनऱ्यांच्या पत्रांत हे सारे त्यांच्या धोरणाचे फळ म्हणून येते. मंडळीच्या मराठी वहीत मात्र पाळकाचा पगार कोणी किती दिला, दुष्काळात तो कसा थकला आणि कोणत्या ठरावावर मिशनऱ्याचा शब्द मानला की नाही, हे पाहता येईल. आपल्या प्रबंधाचा खरा कस तेथे लागेल. दोन्ही बाजूंच्या वह्या न पाहता केवळ हॉटनच्या पत्रांवर लिहिलेले प्रबंध पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांत नगरचे ख्रिस्ती लोक नेहमी कर्मणी प्रयोगात दिसतात. आपण ते बदलावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : आमच्या मंडळीची एक जुनी वही वाळवीने कोपऱ्यात खाल्ली आहे. पाने तपकिरी होऊन शाईच्या जागी तुटत आहेत. पाने लॅमिनेट करून घ्यावीत का? (मंडळीचे एक चिटणीस, नगर जिल्हा)

उत्तर : कृपा करून लॅमिनेट करू नका आणि पारदर्शक चिकटपट्टीही लावू नका. प्लॅस्टिक एकदा चिकटले की निघत नाही, आणि आतला कागद कुजतच राहतो. पाने शाईच्या जागी तुटतात, याचे कारण त्या काळची लोहयुक्त शाई. तिच्यातील आम्ल वर्षानुवर्षे कागद खाते, आणि दमट हवेत हे अधिक वेगाने होते. वही प्रथम इतर कागदांपासून वेगळी करा, सावलीत कोरड्या जागी आडवी ठेवा, आणि वाळवीची माती मऊ कोरड्या ब्रशने हलकेच झाडा. उन्हात वाळवू नका, औषध फवारू नका. त्यानंतर पान उलटताना तुटणार नाही अशा बेताने, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्या. कोरी पाने आणि आतले सुटे कागदही त्याच क्रमाने घ्या, कारण शिफारसपत्रे बहुधा अशा सुट्या कागदांतच असतात. छायाचित्रांच्या तीन प्रती तीन वेगळ्या ठिकाणी ठेवा. एवढे झाल्यावर आम्लरहित कागदात वही गुंडाळून पुठ्ठ्याच्या पेटीत ठेवा, आणि तुटक्या पानांची दुरुस्ती अभिलेखागारातील जाणकाराकडूनच करून घ्या. पेटीवर मंडळीचे नाव, वहीतील पहिली आणि शेवटची तारीख व पानांची संख्या लिहा, आणि वही कोणाच्या ताब्यात आहे याचा ठराव पुढच्या सभेत करून तो चालू वहीत नोंदवून ठेवा.